एका खिळ्यावर दोन कॅलेंडरं

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवतो. दिवसा अकरावी-बारावी आणि संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा एक वर्ग. त्या वर्गाला हिंद महासागरातल्या बेटराष्ट्रांवर एक धडा आहे आणि तो मी फार रंगवून शिकवतो, असं पोरं म्हणतात. फळ्यावर मोठा त्रिकोण काढायचा, हा आपला देश. त्याच्या टोकाखाली खडूनं चार ठिपके द्यायचे. मग सांगायचं, की बाबांनो, या ठिपक्यांवर ना धड शेती, ना कारखाने, ना खाणी. पण तेलाची जहाजं यांच्या दारावरून जातात. म्हणून एक बलाढ्य देश म्हणतो, आम्ही तुम्हाला बंदर बांधून देतो, दुसरा म्हणतो, आम्ही विमानतळ देतो, आणि ठिपक्यावरचे पुढारी दोन्हीकडं जेवून येतात. पोरं लिहून घेतात. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न आहे.

मागं एकदा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पण बेटावरच्या लोकांना काय पाहिजे असतं?"

मी म्हणालो, ते अभ्यासक्रमात नाही. वर्ग हसला, मीही हसलो. पण मोटारसायकलवरून घरी जाताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. डोळ्यांसमोर आई उभी होती, हातात निरांजनाचं ताट घेऊन.

कारण हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मी एका ठिपक्यावरच वाढलो आहे.

धरण झालं तेव्हा आमचं गाव पाण्याखाली गेलं आणि गावाला दुसरीकडं गावठाण मिळालं. आमची वस्ती मात्र गावाबाहेर, एका टेकाडावर. सात-आठ घरं, मेंढरांचे वाडे, थोडी बरड जमीन. मोजणीवाल्यांनी पाण्याची रेघ आखली ती आमच्या टेकाडाच्या पायथ्याला वळसा घालून गेली. म्हणजे कागदावर आम्ही बुडालो नव्हतो. बुडालो नाही म्हणून मोबदला नाही आणि नव्या गावठाणात जागाही नाही. फक्त पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी येऊन बसायचं आणि पुढचा उन्हाळा पुरता तापेपर्यंत हलायचं नाही. ज्या जिल्ह्यात माणसं टँकरच्या वाटेकडं डोळे लावून म्हातारी होतात, त्या जिल्ह्यात आमचं गाऱ्हाणं पाणी जास्त झाल्याचं. सोयरे ते ऐकूनसुद्धा घ्यायचे नाहीत. एका चुलत मावशीनं तर, "तुमचं आपलं कायतरीच," म्हणून विषयच बदलला होता.

पाण्याच्या दोन्ही काठांवर दोन मोठी माणसं होती. उत्तरेच्या काठावर साहेब. दक्षिणेच्या काठावर अण्णा. दोघांचाही शेकड्यानं एकर ऊस, दोघांच्याही मागं गाड्यांचा ताफा, आणि दोघंही एकमेकांना पाण्यात पाहत. एरवी अशा माणसांनी आमच्या टेकाडाकडं ढुंकूनही पाहिलं नसतं. पण देवानं, किंवा मोजणीवाल्यांनी, एक गंमत करून ठेवली होती. उन्हाळ्यात पाणी मागं हटलं, की दोन्ही काठ कोरडे पडत आणि जुन्या नदीचा डोह तेवढा भरलेला राही. तो डोह नेमका आमच्या टेकाडाला लागून होता. बाकी सगळा गाळ, मोटारी बसवायला टणक जागा आमच्याच कडेला. चैत्र-वैशाखात ज्याची मोटार आमच्या कडेला, त्याचा ऊस हिरवा. जमीन सरकारची, पाणी सरकारचं, पण मोटारी साहेबांच्या आणि अण्णांच्या, आणि त्यांची राखण आमच्याकडं. वर्गात मी सांगतो ती सामरिक महत्त्वाची जागा म्हणजे ही.

आणि या जागेचे परराष्ट्रमंत्री म्हणजे माझे वडील.

वडील चौथी शिकलेले. मेंढरं राखण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. पण दोन बलाढ्य माणसांच्या मधोमध कसं बसायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. साहेबांच्या मोटारी त्यांनी टेकाडाच्या पूर्वेला बसवू दिल्या, अण्णांच्या पश्चिमेला. साहेबांनी वस्तीला लोखंडी होडी दिली. हे कळताच अण्णांनी विजेची तार आणून दिली, वर होडीला इंजिनही दिलं. होडीवर साहेबांचं नाव तांबड्या रंगात, इंजिनावर अण्णांच्या फोटोचं स्टिकर. त्यामुळं उत्तरेच्या काठाला जाताना अर्ध्या पाण्यात इंजिन बंद करायचं, त्यावर गोणपाट टाकायचं आणि पुढं वल्ही मारत जायचं. दक्षिणेला जाताना इंजिन चालू, पण होडीच्या नावावर घोंगडी वाळत घातल्यासारखी सोडायची. घोंगडी पाण्यानं जड व्हायची आणि होडी एका अंगाला कलायची. बाजाराला निघालेल्या बायकांच्या टोपल्या घरंगळायच्या. वडील म्हणायचे, "जरा एका अंगाला सरकून बसा, पन घोंगडीला हात लावू नका."

आमच्या ओसरीत दारासमोर एक खिळा होता. दिवाळीच्या शुभेच्छा म्हणून साहेबांचं कॅलेंडर यायचं आणि अण्णांचंही यायचं, दोन्हींवर हात जोडलेले मोठे फोटो. वडिलांनी दोन्ही त्या एकाच खिळ्याला लावली होती, एकामागं एक. पाण्यावरची वस्ती असल्याचा हा मोठा फायदा. येणारा माणूस दारात पोचायच्या कितीतरी आधी दिसतो. होडी कुठल्या काठाकडून येते आहे हे ओट्यावरून पाहायचं आणि त्याप्रमाणं मागचं कॅलेंडर पुढं घ्यायचं. पाहुणा येऊन बाजेवर टेकेपर्यंत त्याचे साहेब किंवा त्याचे अण्णा भिंतीवरून त्याला नमस्कार करत असत. साहेबांचा माणूस खूश होऊन जायचा, अण्णांचाही जायचा. आमची तारीख मात्र नेहमी चुकायची, कारण एका कॅलेंडरचा महिना उलटला की दुसऱ्याचा राहून जायचा.

एकदाच पंचाईत झाली. एका सकाळी उत्तरेकडून एक होडी निघाली आणि दक्षिणेकडूनही एक निघाली, आणि दोन्हींत खुद्द मालक होते. धरणातलं पाणी झपाट्यानं उतरत होतं, दोघांनाही मोटारींची जागा बघायची होती. वडील ओट्यावर उभे राहून कधी इकडं बघत, कधी तिकडं. तळ्यात की मळ्यात, ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी दोन्ही कॅलेंडरं काढून धान्याच्या कणगीत टाकली आणि खिळ्याला घोंगडी अडकवली. साहेब आणि अण्णा आमच्या एकाच बाजेवर बसले, एकाच किटलीतला चहा प्याले. वडिलांना दरदरून घाम फुटला होता. ते दोघं मात्र एकमेकांच्या नातवंडांची चौकशी करत होते. ते पाहून मला तेव्हाच काहीतरी कळायला हवं होतं, पण मी भूगोलाचा माणूस.

हे सगळं मी हसत सांगतो. आई मात्र या गोष्टीला कधी हसली नाही.

आईचं माहेर उत्तरेच्या काठावर. आमच्या ओट्यावरून समोर पाहिलं, की पाण्यापलीकडच्या चढावर पहिलं घर दिसतं, तेच. तिच्या एकुलत्या एका भावाचं, माझ्या मामाचं. सकाळी तिथल्या चुलीचा धूर निघाला की आई म्हणायची, "उठली वाटतं वहिनी." लग्न झालं तेव्हा मधे पाणी नव्हतं. ती बैलगाडीत बसून आली, आणि पुढं काही वर्षांनी तिच्यामागं पाणी आलं.

पाणी आल्यावर सुरुवातीला होडी नव्हती. लोक गुळाच्या कढईत बसून ये-जा करत. मोठी, पसरट, लोखंडी कढई, काठीनं ढकलत न्यायची. आई पहिल्याच वर्षी भाऊबीजेला निघाली आणि ती कढई मधोमध कलंडली. तिला केसाला धरून बाहेर काढलं. नाकातोंडात पाणी गेलेलं, अंगावरचं नवं लुगडं वाहून गेलेलं. त्यानंतर ती पाण्यावरच्या कशातही बसली नाही. लोखंडी होडी आली, इंजिन आलं, तरी नाही. वैशाखात गाळ वाळला की ती डोहाला लांबचा वळसा घालून चालत माहेरी जाऊन यायची. पण वैशाखात भाऊबीज नसते. दिवाळीला धरण काठोकाठ असतं.

आमच्याकडं सणाला बहिणीला न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून येतो. मामा दरसाल यायचे. आई येणार नाही हे माहीत असायचं, तरी यायचे, "चल गं," म्हणायचे, ती मान हलवायची, मग आमच्याच ओसरीत ओवाळून घेऊन परत जायचे. पुढं मामांचे गुडघे गेले आणि त्यांनाही होडीत चढणं जमेना. तेव्हा या दोघांनी एक उद्योग काढला. भाऊबीजेच्या सकाळी मामा त्यांच्या काठावर उभे राहायचे आणि पांढरं उपरणं हलवायचे. आई आमच्या काठावर पाट मांडायची, त्या रिकाम्या पाटासमोर रांगोळी काढायची आणि पाण्यापलीकडच्या त्या पांढऱ्या ठिपक्याला ओवाळायची. वाऱ्यानं निरांजन विझायचं. ती परत लावायची. मामाच्या सुनेनं एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला, म्हणाली, आत्याबाई, मोबाइलला ओवाळा, मामंजी यातच हायत. आई म्हणाली, "मोबाइल काय माझा भाऊ हाय का?"

मग मामांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं अडखळलं, घराबाहेर येणं बंद झालं. त्या दिवाळीला आईनं काठावर पाट मांडला आणि समोर कुणीच नव्हतं. तिनं तरीही ओवाळलं. ताट खाली ठेवून ती बराच वेळ तिथंच बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "एक डाव घरच्या पाटावर बसवून ववाळायचं व्हतं रे त्याला. पूल असता तर गेले आसते मी."

पुलाची गोष्ट तेव्हा आमच्या वस्तीवर नवी नव्हती. प्रत्येक निवडणुकीला साहेब म्हणायचे, उत्तरेच्या काठाला पूल जोडू. अण्णा म्हणायचे, दक्षिणेच्या काठाला जोडू. वडील दोघांनाही हात जोडायचे. आईला वाटे, आज ना उद्या दोघांपैकी एकजण करेलच. झटक्यानंतर मात्र तिला घाई झाली. मामांचं आता काही खरं नव्हतं.

पुढच्या निवडणुकीला साहेब स्वतः होडीतून आले. बायकांनी चहा आतून पाठवायचा आणि बाहेर यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी आई स्वतः कपबशा घेऊन बाहेर आली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"सायेब, एक इचारू का? पूल कवा करताव?"

साहेब मोकळं हसले. "अहो मावशी, मी तर मागच्याच वेळी करून टाकत होतो. इंजिनियर आणून मोजमापसुद्धा केलं होतं. तुमच्या मालकांनीच माझ्या बंगल्यावर येऊन हात जोडले. म्हणाले, साहेब, पूल नको, आमची अडचण होईल."

साहेबांच्या मागं भिंतीवर त्यांचंच कॅलेंडर होतं, तेही हसत होतं. वडील बाजेच्या काथ्याकडं बघत राहिले.

साहेबांची होडी मधोमध गेल्यावर आईनं विचारलं, "खरं हाय का ह्ये?"

"तुला त्यातलं कळत न्हाई," वडील म्हणाले.

"न्हाई कळत. म्हनूनच इचारते."

मग वडिलांनी तिला समजावून सांगितलं, आणि मला आजही कबूल करावं लागतं, फार मुद्देसूद सांगितलं. "पूल सायेबाच्या काठाला झाला की आपुन सायेबाचे. दुसऱ्या दिशी अण्णा तार तोडून नेतो. अण्णाच्या काठाला झाला तर सायेब होडी नेतो. आज दोघं बी पान्यातून वाट काढीत आपल्या दारात येतेत, आपल्या बाजंवर बसतेत. पूल झाल्यावर कावून येतील? वरून गाडी घालतील आन मोटारीपशी जाऊन उभे ऱ्हातील. मंग तुला मला कोन इचारतो?"

आई ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "तुमी सायेबाचे न्हाई, अण्णाचे न्हाई. समदं बराबर हाय. मंग मी कुनाची हाय, तेवढं सांगा."

वडील उठून मोटारी बघायला गेले. परीक्षेत वडिलांचं पुलाबद्दलचं उत्तर कुणी लिहिलं असतं, तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. पण त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला होता. इतका, की जेवायला न थांबता मी निघालो आणि होडीत बसून अण्णांच्या इंजिनावर गोणपाट न टाकताच साहेबांच्या काठाला लागलो. तिथं उभ्या असलेल्या कार्यकर्त्यानं स्टिकर बघितलं आणि म्हणाला, "कावून बे, पाहुना कुनाकडचा हाय?"

त्याच्या पुढच्या साली पाऊस आलाच नाही.

मृग गेला, पोळा गेला, नवरात्र बसलं, तरी धरणाच्या तळाशी भेगाच. डोहात बेडकांपुरता चिखल उरला. मेंढरं घेऊन वस्तीवरची तरणी माणसं तलवाड्याच्या अंगाला, गोदावरीकाठी गेली. दसऱ्याच्या आधी साहेबांची माणसं येऊन मोटारी उचलून घेऊन गेली, मागोमाग अण्णांचीही आली. पाइप गुंडाळले, स्टार्टरच्या पेट्या काढल्या. आणि मोटारींबरोबर सगळं गेलं. कुणी येईना, कुणी चहाला थांबेना. चारी बाजूंनी उघडी जमीन, कुठूनही या, कुठंही जा, आणि येणारा कुणीच नाही. वडील तरीही ओट्यावर बसून दोन्ही काठांकडं बघत. दिवाळी आली आणि दोन्ही कॅलेंडरं आली नाहीत. वडिलांनी जुनीच झटकून पुन्हा लावली. "यंदा छपाईला उशीर झाला आसंल," म्हणाले. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

दुष्काळाला चांगलं म्हणू नये. आमच्या दोन म्हशी त्या वर्षी दावणीतून गेल्या. पण भाऊबीजेच्या सकाळी आईनं न्हाऊन जरीकाठी पातळ नेसलं, काठावर न्यायची तेच ताट घेतलं, आणि चालत माहेरी निघाली. मी बरोबर होतो. वडील "वस्तीवर कुनीतरी पायजे," म्हणून मागं राहिले. आता वस्तीवरून कुणी काय नेणार होतं, ते त्यांनाच ठाऊक.

डोहच आटल्यामुळं या खेपेला वळसा घालायचा नव्हता, तळातला गाळ वाळून कडक झाला होता. मधे जुन्या रस्त्याची खडी वर आली होती, एक मैलाचा दगड तिरका उभा होता. आई तिथं थांबली. म्हणाली, "ह्याच वाटनं आलते मी. गाडीच्या बैलाची वेसन हितं तुटलती." मग पुन्हा चालायला लागली. माझी चप्पल भेगेत अडकत होती, ती मात्र कुठं अडखळली नाही. ऊन अजून कोवळंच होतं, तोवर आम्ही मामांच्या अंगणात होतो. आईनं मागं वळून आमचं टेकाड पाहिलं. "येवढंच व्हतं व्हय रे?" म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. इतकी वर्षं एवढ्याशा अंतरासाठी गेली, याचा तिला संताप आला होता.

मामांना मुलानं आणि सुनेनं धरून पाटावर बसवलं होतं. आई दारात दिसली तसा त्यांचा चांगला हात वर गेला. हातात उपरणं होतं. उंबरठ्यावर, चार हातांवर उभ्या असलेल्या बहिणीला त्यांनी ते हलवून दाखवलं, काठावरून दाखवायचे तसंच. सगळं घर रडलं. मीही रडलो, लाजलो नाही. आईनं ओवाळलं. निरांजन विझलं नाही.

त्यापुढचं वर्ष भरभरून पावसाचं. श्रावणातच पाणी टेकाडाच्या पायथ्याला आलं. एका रविवारी मी वस्तीवर गेलो, तर आई गाठोडं बांधत होती. वाटेवर घोट्याएवढं पाणी चढलं होतं.

"कुठं निघालीस?" वडिलांनी विचारलं.

"भाऊबीजंला."

"भाऊबीजंला लई टाइम हाय अजून."

"मला हाय. पान्याला न्हाई," ती म्हणाली आणि पातळ वर खोचून पाण्यातून चालायला लागली. तिला पाण्याची भीती वाटत होती. तोंड पांढरं पडलं होतं, तरी ती थांबली नाही. मी हात धरून पलीकडं पोचवलं. चार-पाच दिवसांत वाट बुडाली.

वडिलांना वाटलं, रुसली आहे, येईल. मग पाणी वाढत गेलं आणि ते होडी घेऊन गेले, तर आईनं अंगणातूनच सांगितलं, मी होडीत बसत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. परराष्ट्रमंत्री रिकामी होडी घेऊन परत आले. ते स्वतः भाकरी थापायला लागले. माझ्या बायकोनं तालुक्याला राहायला बोलावलं, तर म्हणाले, वस्ती कशी सोडू? रोज सकाळी ओट्यावर बसून ते उत्तरेच्या काठावरचा धूर बघायचे. पूर्वी त्यांचे डोळे दोन्हीकडं फिरायचे, आता एकाच काठाला खिळले होते.

पाण्याबरोबर मोटारी परत आल्या आणि मालकही आले. पण त्या वर्षी एक नवल घडलं होतं. साहेब आणि अण्णा एका झेंड्याखाली आले होते. विकासासाठी. दिवाळीच्या तोंडावर पाण्यावर एकच होडी दिसली आणि तिच्यात दोघंही बसलेले. वडील सवयीनं खिळ्यापाशी गेले आणि थांबले, कुठलं पुढं करावं ते कळेना. होडीतून माणूस उतरला आणि त्यानं नवं कॅलेंडर हातात दिलं. त्यावर दोघांचे फोटो होते, एकमेकांच्या गळ्यात हात टाकलेले.

चहा झाला. मग वडील उठले, दोघांसमोर उभे राहिले आणि आयुष्यात प्रथम त्यांनी सरळ काहीतरी मागितलं. "मला पूल पायजे. कुन्या बी काठाला करा. पन करा."

साहेबांनी अण्णांकडं पाहिलं, अण्णांनी साहेबांकडं. अण्णा म्हणाले, "आता पुलाचं काय नडलंय पाव्हनं? आता दोनी काठ आपलेच की."

साहेब म्हणाले, "बघू, पुढच्या आराखड्यात घेऊ." आणि निघाले. दोघांनी मिळून आता एकच मोठा पंप बसवायचा ठरवला होता, त्याची जागा त्यांनी येतायेताच बघून ठेवली होती. वडिलांना विचारायची गरज पडली नव्हती.

भाऊबीजेला वडिलांनी मला बोलावून घेतलं. दाढी केलेली, धुवट धोतर, डोक्याला फेटा. म्हणाले, चल, तुझ्या आईकडं जायचंय. आम्ही होडीत बसलो. अर्ध्या पाण्यात मी सवयीनं इंजिन बंद करायला वाकलो, तर म्हणाले, राहू दे आता, कुणाची भीती आहे. साहेबांच्या काठाला आम्ही अण्णांचं इंजिन वाजवत गेलो आणि कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मामांच्या घरी ओवाळणं चाललं होतं. वडील दारात उभे राहिले. ते होईपर्यंत आत आले नाहीत. झाल्यावर आईनं त्यांना पाणी दिलं, पण चल म्हणायची संधी दिली नाही. "पानी हटल्यावर येते मी," एवढंच म्हणाली आणि मामांचं तोंड पुसायला बसली. वडिलांनी मान डोलावली. दोन बलाढ्य माणसांना इतकी वर्षं झुलवत ठेवलेला माणूस सासुरवाडीच्या ओट्यावर येऊन बसला. तिथून पहिल्यांदाच ते आमच्या टेकाडाकडं बघत होते. इतक्या वर्षांत या काठाला ते कितीदा आले असतील, पण दर वेळी त्यांची नजर साहेबांच्या बंगल्याकडं असायची.

"हितून आपली वस्ती केवडुशी दिसती गं," ते म्हणाले. "ध्यानात बी येत न्हाई."

आईनं वर पाहिलं नाही. मामांच्या खांद्यावरचं उपरणं नीट करत ती म्हणाली, "तिकडून ह्ये घर लई मोठं दिसतंय."